मधल्या किमतीची गिटार

भालकीत वाद्यदुरुस्तीचं दुकान मी तीसेक वर्षं चालवलं. गिऱ्हाईक आत आलं की चपला काढायच्या आधी त्याचा पहिला प्रश्न असायचा, "अण्णा, बघा जरा, पैशाच्या लायकीची हाय का वस्तू?" दुरुस्तीचं नंतर. बहुतेकदा वस्तू विकत घेऊन झालेली असायची, त्यामुळे माझ्या उत्तराचा तसा काही उपयोग नसायचा. तरी माणसाला ते ऐकायचं असतं. मी होय म्हटलं की तो खुशीत बसून चहा मागवायचा. नाही म्हटलं की माझ्यावरच चिडायचा, जसं काही ती मीच बनवली होती.

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून उदगीरहून एक संपादक दोनदा येऊन गेले. मी त्यांना म्हटलं, जन्मापासूनचं सांगत बसलो तर तुम्हालाच झोप येईल. त्यापेक्षा एका गिटारीचं सांगतो. ती चांगली होती की वाईट, याचं उत्तर मी दोन माणसांना वेगवेगळं दिलं आणि दोघांपुढेही अडचणीत आलो.

आधी धंद्याचं थोडं सांगायला हवं. माझं मूळ काम पेटीचं. पेटीत प्रत्येक सुराची एक पितळी पत्ती असते, बोटाएवढी. भात्याची हवा लागली की ती थरथरते आणि सूर निघतो. सूर उतरला असेल तर पत्तीचं टोक किंचित घासायचं, चढला असेल तर बुडाशी घासायचं. किंचित म्हणजे किती, हे शिकायला मला चार वर्षं लागली. बिदरला करीमचाचा म्हणून माझे उस्ताद होते. मी त्यांच्याकडे लागलो तेव्हा आमचा मुलूख नुकताच म्हैसूर राज्यात गेला होता. दुकानाच्या पाटीवर उर्दूच्या शेजारी कन्नड अक्षरं आली होती, आणि चाचा आपले दखनीतच शिव्या द्यायचे. घरी मी कन्नड बोलायचो, बाजारात मराठी, आणि पत्ती जास्त घासली गेली की दखनी ऐकायचो.

पुढे भालकीत स्वतःचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. हुलसूरचे एक आडत दुकानदार नवी पेटी घेऊन आले होते. तीन दुकानांतल्या तीन पेट्या त्यांनी धान्याच्या काट्यावर तोलल्या होत्या आणि सगळ्यात जड निघाली ती आणली होती. मी उघडून पाहिलं तर तळाला सागवानाऐवजी आंब्याची जाड फळी. तेच वजन. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आंबा असू द्या की, वजन तर खरं हाय!" आणि समाधानाने घेऊन गेले. अशा माणसाला मी कधी दुखवलं नाही.

मग विजेची वाद्यं आली. आधी टाईपरायटरसारख्या कळांचा बँजो, त्याला लोक लाऊडस्पीकर जोडायचे. मग बिदर-गुलबर्ग्याला लग्नाचे ऑर्केस्ट्रा निघाले आणि त्यांच्याबरोबर इलेक्ट्रिक गिटार. मी शेजारच्या रेडिओवाल्याकडून कथलाचा डाग मारायला शिकलो, वायर जोडायला शिकलो. गिटारीच्या आत तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तार हलली की त्यातून आवाज विजेने बाहेर जातो, एवढं मला कळलं. दांडीवर सतारीसारखे पडदे असतात, फक्त बांधलेले नसून ठोकून बसवलेले. एवढ्या ज्ञानावर मी पाटीवर लिहून टाकलं, 'गिटार दुरुस्त केली जाईल.' त्या एका ओळीची गोष्ट आहे ही.

ऐंशी सालाच्या आगेमागे आमच्याकडच्या एका बँकेत देसाई नावाचे साहेब बदलून आले. बेळगावकडचे, पस्तिशीचे, एकटे राहायचे. पेटी बरी वाजवायचे, पण ओढा गिटारीकडे. एका रविवारी सकाळी ते खांद्याला लाल चकचकीत गिटार आणि हातात छोटा ॲम्प्लिफायर घेऊन दुकानात आले.

"हैदराबादहून आणली, संगप्पा," ते म्हणाले. "दुकानात तीन प्रकारच्या होत्या. एक स्वस्तातली, एक परदेशी, ती परवडण्यातली नव्हती. ही मधली. स्वस्तातलीच्या दुप्पट किमतीची. पण वर कुठे बोट ठेवलं की बेसूर लागते. मी चुकतोय की ही?"

मी ती हातात घेतली. रंग आरशासारखा. बटणं चमकदार. मागचे स्क्रू काढून झाकण उघडलं, तर आतलं लाकूड एकसंध, चांगलं वाळलेलं. चुंबकावरची गुंडाळीही नीट, घट्ट. मला बरं वाटलं. मग मी पोलादी पट्टी काढली आणि दांडीवर ठेवली.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. गिटारीची तार वरच्या पट्टीपासून खालच्या घोडीपर्यंत ताणलेली असते. तिच्या बरोबर निम्म्यावर बारावा पडदा यायला हवा. तिथे दाबली की तोच सूर वरच्या सप्तकात लागतो. बाकीचे पडदे त्या हिशोबात, वर जावं तसे जवळ जवळ. यात केसाची चूक कानाला कळते. या गिटारीत पाचव्या पडद्यानंतर एकेक पडदा थोडा थोडा घसरत गेला होता. बाराव्याला दोन सूत, म्हणजे पाव इंच फरक. शिवाय काही पडदे उंच, काही बसके. घोडी पुढेमागे करून भागलं असतं तर केलं असतं, पण चूक एकसारखी नव्हती.

"साहेब, तुमचा कान चांगला आहे," मी म्हटलं. "चूक हिची आहे."

"म्हणजे दुप्पट किंमत वाया?"

"सगळी नाही. लाकूड चांगलं, आतली गुंडाळी चांगली. कारखान्याने तुम्हाला दिसेल तिथे पैसे घातलेत, आणि लाकडावर घातलेत, ते कबूल करायला पाहिजे. पण पडदे बसवायला वेळ लागतो. तो वेळ परदेशीच्या किमतीत असतो. हिच्या किमतीत नाही."

"तुम्ही पडदे बदलून द्या ना."

इथे मी जे बोललो ते मला आजही बोचतं. मी पट्टी खाली ठेवली, चष्मा काढला आणि ठामपणे म्हणालो, "याला उपाय नाही साहेब. जातच अशी आहे हिची."

खरं असं होतं की उपाय होता. पडदे काढायचे, खाचा भरायच्या, मापाने नव्या खाचा पाडून पडद्याची खास तार ठोकायची. हैदराबादला हे करणारे कारागीर होते. मला ते येत नव्हतं. पण पाटीवर 'गिटार दुरुस्त केली जाईल' असं लिहिलेल्या माणसाला ते कबूल करणं जड गेलं. देसाईसाहेबांनी ॲम्प्लिफायरसकट गिटार माझ्याकडेच ठेवली. "कुणी घेतली तर देऊन टाका, मला बदल्यात वाजवण्यासारखं काही मिळालं तरी पुरे," म्हणाले. जाताना त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. मी ती भिंतीला अडकवली.

दोन-तीन महिने ती तशीच लटकत होती. मग एका बाजाराच्या दिवशी ठाणाकुशनूरच्या सोजरबाई पेटी डोक्यावर घेऊन आल्या.

सोजरबाई आणि त्यांचे यजमान दगडूराव यांची गायनपार्टी आमच्या भागात नावाजलेली. बौद्ध वस्त्यांतून बुद्धपौर्णिमा, जयंती, लग्नं, नामकरण, सगळीकडे यांची बुद्ध-भीमगीतं. सोजरबाई गायच्या, दगडूराव पेटीवर, त्यांचा एक चुलतभाऊ ढोलकीवर. ती पेटी मी दरवर्षी पावसाळा संपला की सुरात लावून द्यायचो. दगडूराव दिवसा एका गुत्तेदाराकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडायच्या मशीनवर असायचे. एवढ्या राकट कामाचा माणूस, पण पेटीवर बोटं इतकी हलकी की मी दुरुस्ती झाल्यावर मुद्दाम त्यांनाच वाजवून बघायला सांगायचो.

सोजरबाईंनी पेटी उतरवली आणि म्हणाल्या, "अण्णा, इकायची हाय."

"कामून? काय झालं?"

"मशीननं हात खाल्ला त्यांचा. उजवा. ही दोन बोटं गेली बगा, अर्धी अर्धी." त्यांनी स्वतःची तर्जनी आणि मधलं बोट मधल्या पेरापाशी धरून दाखवलं. "दोन महिनं झालं. जखम भरली. गुत्तेदारानं राखणीला ठिवलंय, पोटाचं भागायलंय. पर मानूस भागंना गेलाय. पेटीकडं बघतेत आन् ताट सरकवतेत. म्हनलं, डोळ्याफुडनं तरी जाऊ द्या ही."

"आणि पार्टी?"

"कसली पार्टी? मी एकली ढोलकीवर गायलेय. सूर धरायला कुनी न्हाई. मागल्या लग्नात चढा लागला तर शेवटपावतर चढाच ऱ्हायला."

मी म्हटलं, पुढच्या बाजाराला त्यांनाच घेऊन या, पेटी तोवर राहू द्या इथे. कशाला बोलावलं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकाला एकदा भेटावं, एवढंच.

पुढच्या आठवड्यात दगडूराव आले. खाली मान घालून बाकावर बसले. हात शर्टाच्या खिशात. मी चहा सांगितला. चहा आल्यावर त्यांनी सवयीने उजवाच हात पुढे केला, अंगठा आणि करंगळीजवळचं बोट यांच्यात काचेचा गरम पेला धरला, आणि तो जराही हलला नाही. उरलेली दोन थोटकं वरून पेल्याच्या कडेला टेकली होती. मी बघतच राहिलो.

गिटार वाजवायची एक दुसरीही रीत आहे, ती त्या काळात आमच्याकडे लोकांना जास्त माहीत होती. गिटार मांडीवर आडवी घ्यायची, बोटांनी तार दाबायची नाही. एका हातात पोलादाचा गुळगुळीत बार धरून तो तारांवरून सरकवायचा, आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. रेडिओवर सिनेमाच्या गाण्यांच्या धुना लागायच्या त्या बहुतेक तशाच वाजवलेल्या. मी भिंतीकडे बघितलं. बारला पडदे लागतच नाहीत. ते खोटे असले काय आणि खरे असले काय. लाकूड चांगलं, गुंडाळी चांगली, आणि बाकी जे वाईट आहे त्याचा या माणसाशी संबंधच नाही!

एक अडचण होती. बार नेहमी डाव्या हातात धरतात आणि उजव्याने छेडतात. दगडूरावांची डाव्या हाताची पाचही बोटं शाबूत होती, ती छेडायला हवी होती. म्हणजे गिटार उलटी करायची. उलटी करायची तर तारांचा क्रमही उलटा, आणि वरच्या पट्टीतल्या खाचाही, कारण जाड तारेच्या खाचेत बारीक तार बसत नाही. हे सगळं मला येत होतं. मी मनातल्या मनात नाचलो.

त्यांना सांगितल्यावर मात्र ते उठलेच. "थट्टा करायलाव का अण्णा? गिटार शेहरातल्या पोरास्नी शोभती. मी चाळिशीचा बाप्या, अर्ध्या हाताचा."

"बसा वो जरा," सोजरबाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "अण्णा, ही वस्तू कशी हाय? खरं सांगा."

"तुमच्या कामाला चांगली आहे," मी म्हटलं. ते खरं होतं. पण तिचे पडदे खोटे आहेत, पहिल्या मालकाने ती टाकून दिली आहे, हे मी सांगितलं नाही. वाटलं, आधीच मन खचलेला माणूस, त्याला कशाला सांगा.

"मग पेटी घ्या आन् ही द्या," सोजरबाई म्हणाल्या. "पेटी काय मी माघारी न्हेत न्हाई."

दगडूराव रस्त्याकडे बघत बसले.

मी पंधरा दिवस त्या गिटारीवर काम केलं. इतक्या आनंदाने मी दुसरं कुठलंच काम केलं नसेल. जुने पडदे उपटून काढले, खाचा लाकडाच्या भुशाने आणि सरसाने भरल्या, आणि पट्टीने, दोरीने, पेटीशी सूर ताडून, योग्य जागी पांढऱ्या सेल्युलॉइडच्या बारीक रेघा बसवल्या. रेघ नुसती दिसायला असते, तिला ठोकायची गरज नाही, म्हणून ते मला जमलं. वरची पट्टी शिसवीची नवीन केली, उंच, म्हणजे तारा वर राहतील. लॉरीच्या गॅरेजमधून पोलादी दांडीचा तुकडा आणून आठ दिवस घासून आरशासारखा केला, आणि दगडूरावांच्या थोटकांसाठी त्यावर दोन उथळ खळगे पाडले. गिटार उलटी धरल्यावर आवाजाची बटणं पोटाकडे येत होती, ती काढून पलीकडच्या बाजूला लावली. डाव्या हातासाठी सतारीच्या नख्या वाकवल्या. पेटी देसाईसाहेबांना दिली. त्यांना ती फार आवडली. गिटार कुठे गेली हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

पहिले दोन महिने वाईट गेले. बाजाराच्या दिवशी सोजरबाई यायच्या, मी नजरेनेच विचारायचो, त्या मान हलवायच्या. "मांजर रडल्यावानी आवाज येतोय. वस्तीतली पोरं हासायलीत." एकदा म्हणाल्या, बार फेकून दिला त्यांनी, गोठ्यात जाऊन सापडला. मग एकदा आल्या आणि नुसत्या हसल्या. तेव्हा मला कळलं, गिटार त्यांच्या हाताला बसली.

कारण दगडूरावांचा कान पेटीवाल्याचा होता. बार थोडा पुढे गेला तर सूर चढतो, थोडा मागे तर उतरतो, मध्ये पायरी नाही. ज्याचा कान कच्चा त्याला हे वाद्य वेडावतं. पण त्यांचा कान पक्का, आणि वर एक गोष्ट अशी घडली की पेटीवर जे कधीच वाजवता येत नव्हतं ते आता येऊ लागलं. सोजरबाई गाताना एका सुरावरून दुसऱ्यावर जी ओढ घेतात, ती पेटी देऊ शकत नाही, पेटीला पट्टी सोडून दुसरी दाबावी लागते. बार सरकत जातो. गळ्यासारखा. त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला मी ठाणाकुशनूरला गेलो. दिवस मावळायला आला होता, विहारापुढे मांडव, बाया लेकरं घेऊन पुढे बसलेल्या. सोजरबाईंनी पहिलं गाणं उचललं आणि मागून गिटारीने त्यांचा शब्द धरून नेला. वस्तीतली हसणारी पोरं गप्प. माझ्या शेजारचे एक म्हातारे म्हणाले, "ह्ये काय दोन बाया गायलेत का?"

मी डोळे पुसत होतो, म्हणून मला समोर खुर्चीत बसलेले पाहुणे उशिरा दिसले. देसाईसाहेब. बँकेच्या कामाने जवळच औरादला आले होते, परत जाताना इथल्या सरपंचांनी आग्रहाने थांबवून घेतलं होतं. ते गाणं ऐकत नव्हते. ते त्या लाल गिटारीकडे एकटक बघत होते.

पुढच्या बाजाराला दगडूराव आणि सोजरबाई तारा बदलायला दुकानात बसले होते आणि देसाईसाहेब आत आले. चपला न काढता.

"संगप्पा, ही माझी गिटार."

"होय साहेब."

"तुम्ही मला म्हणालात, हिला उपाय नाही. जातच अशी आहे. आणि त्या दिवशी मी कानांनी ऐकलं. इतका सुंदर सूर मी हैदराबादलाही ऐकला नाही. याचा अर्थ काय घ्यायचा मी? चांगली वस्तू वाईट ठरवून माझ्याकडून काढून घेतलीत?"

मी तोंड उघडायच्या आत दगडूराव उभे राहिले. "वाईट ठरवून? म्हंजे वाईट हुती व्हय ही? अण्णा, मला तर चांगली म्हनलाव." त्यांनी हातातली गिटार बाकावर ठेवली. "अर्ध्या हाताच्या मानसाला अर्धी वस्तू, असंच न्हवं?"

एकजण म्हणत होता, चांगली असून वाईट सांगितलीत. दुसरा म्हणत होता, वाईट असून चांगली सांगितलीत. आणि दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. मी आयुष्यात इतका लहान कधी झालो नव्हतो.

मी बारची गोष्ट समजावून सांगितली. पडदे कसे खोटे होते, बारला ते कसे लागत नाहीत. देसाईसाहेब दांडीवर वाकले. पांढऱ्या रेघांवर बोट फिरवलं. हुशार माणूस. म्हणाले, "पण आता या रेघा बरोबर जागी आहेत. म्हणजे जुने पडदे निघाले. बरोबर जागा मोजता आल्या. मग तिथे पडदे का नाही बसवता येणार?"

मी म्हटलं, "बसवता येतात साहेब. मला येत नाहीत. तेव्हाही येत नव्हते. ते सांगायची लाज वाटली म्हणून उपाय नाही असं सांगितलं." मग दगडूरावांकडे वळलो. "आणि तुम्हाला पडद्यांचं सांगितलं नाही, कारण मला वाटलं तुम्ही नको म्हणाल. चूक दोन्हीकडे माझीच."

दगडूरावांनी गिटार उचलली आणि साहेबांपुढे धरली. "घ्या साहेब. तुमची हाय."

देसाईसाहेबांनी ती घेतली. उभ्याने छातीशी धरून डाव्या हाताची बोटं तारांवर टाकली. तारा उलट्या क्रमाने, आणि दांडीपासून इतक्या उंच की दाबल्या जाईनात. त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला. मग हळूच परत दगडूरावांच्या हातात दिली.

"ही आता माझ्या उपयोगाची राहिली नाही," ते म्हणाले. राग उतरला होता, पण चेहरा पडला होता.

तेव्हा सोजरबाई बोलल्या. "ओ साहेब, आमची पेटी तुमच्याकडंच हाय न्हवं? कशी हाय ती?"

"पेटी? पेटी उत्तम आहे."

"मग आमची उत्तम पेटी तुमच्याकडं, आन् तुमची खोटी गिटार आमच्याकडं. रडायचं आमी का तुमी?"

आधी दगडूराव हसले. मग साहेब. मी मात्र हसू शकलो नाही. त्या दोघांनी मला माफ केलं, पण पाटीवरची ती ओळ मी त्याच दिवशी पुसली.

पावसाळ्यात पेट्यांचं काम कमी असतं. दुकान बंद ठेवून मी हैदराबादला गेलो आणि एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली बसून पडदे बसवायला शिकलो. वयाच्या पंचेचाळिशीत पुन्हा दखनी शिव्या खाल्ल्या. पहिल्या दोन दांड्या वाया घालवल्या. देसाईसाहेबांनी तोवर स्वस्तातली एक गिटार आणली होती. तिचे सगळे पडदे काढून मी नव्याने बसवले. ती त्यांना इतकी सुरात लागली की बदली होऊन जाताना त्यांनी कपड्यांची ट्रंक मागून पाठवायला सांगितली आणि गिटार मांडीवर घेऊन एसटीत बसले. मग मी पुन्हा पाटीवर ती ओळ लिहिली. या वेळी रंग जरा चांगला वापरला.

दगडूरावांची गायनपार्टी पुढे वाढली. लातूर, उदगीर, नांदेडपर्यंत बोलावणी. अफजलपूरकडच्या लोकांनी एकदा खास गाडी पाठवली होती. सात-आठ वर्षांनी गावोगावच्या लोकांनी मिळून त्यांना नवी गिटार दिली. कलकत्त्याहून मागवलेली, मांडीवर वाजवायचीच, बांधणी अस्सल. तिला उलटी करायला दोघं माझ्याकडे घेऊन आले. जुनीही बरोबर होती. मी दोन दिवसांत नवी तयार केली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या.

मनातून मला खात्री होती. जुनीच बरी म्हणतील. संकटात साथ दिलेली, माझ्या हातची, ती कशी सोडतील?

दगडूरावांनी जुनी वाजवली, एक कडवं. मग नवी, तेच कडवं. मग पुन्हा नवी. बार खाली ठेवून म्हणाले, "अण्णा, जुनी चांगली हुती. ही लई चांगली हाय. हिचा सूर दम धरतोय. हीच घेतो."

क्षणभर मला लागलं, खोटं कशाला बोलू. मग मीच नवीची तार छेडून ऐकली. खरंच होतं. सूर निघून गेल्यावरही लाकूड बराच वेळ गात राहत होतं. त्यांनी कान लावून वस्तू पारखली होती, जशी कुठल्याही चांगल्या वादकाने पारखावी, आणि त्यात ना त्यांच्या हाताची कीव होती ना माझ्या उपकाराची भीड. मला आतून फार बरं वाटलं.

"मग जुनीचं काय करायचं?" मी विचारलं. "गिऱ्हाईक बघू का?"

"कामून?" सोजरबाई म्हणाल्या. "ती माझी हाय."

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पदर खोचला, बाकावर मांडी घालून बसल्या आणि जुनी गिटार मांडीवर ओढली. नवरा राखणीला गेल्यावर दुपारच्या त्या घरी काय करत होत्या, हे दगडूरावांनासुद्धा माहीत नव्हतं. त्यांनी बार उचलला तो उजव्या हातात. अंगठा आणि करंगळीजवळचं बोट यांच्यात धरला, मधली दोन बोटं मुडपून वरून टेकवली, आणि डाव्या हाताने तार छेडली. बाईंची दहाही बोटं धड होती. पण वाजवताना त्यांनी एकाच माणसाला बघितलं होतं, आणि गिटार अशीच धरतात अशी त्यांची समजूत होती.

दगडूराव पुढे झाले. मला वाटलं हात सुधारतील. ते खाली बसले, मान तिरकी करून ऐकू लागले, आणि एका ठिकाणी हळूच म्हणाले, "जरा वर घे. आनखी. हां, तिथंच."